पानावरचं मौन

"अगं, आज एक पान जास्त घे," हे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. त्यांच्या मागोमाग एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस अनवाणी पाय पायपुसण्याला पुन्हा पुन्हा घासत आत आला. त्याच्या डाव्या मनगटात बेडी होती आणि बेडीचं दुसरं टोक ह्यांच्या मुठीत, गाईचं दावं धरावं तसं.

"कोण?" मी हळूच विचारलं.

"रंगनाथ डोईफोडे. सकाळी कोर्टात आणला होता. तीनच्या गाडीनं जेलात पोचवायचाय."

मला त्यात नवल वाटलं नाही. एकोणऐंशी सालचा श्रावण होता तो. आमचे हे तालुक्याच्या ठाण्यात पोलीस नाईक होते, आणि आम्ही पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. आरोपीला जेलातून कोर्टात आणायचं, तारीख झाली की परत पोचवायचं, मध्ये दुपार आली की हॉटेलात बसण्यापेक्षा घरीच त्याला चार घास घालायचे, ही लाईनीतली जुनी रीत. कागदावर नव्हती, पण सगळेच तसं करत. आमच्या घरी तीन वर्षांत सात-आठ जण जेवून गेले असतील. कोणी कोयता उगारलेला, कोणी सोसायटीत अफरातफर केलेला. मी विचारत नसे. जेवायला बसलेल्या माणसाला त्याचा गुन्हा विचारायचा नाही, एवढं मला कळत होतं.

एक मात्र माझी अट होती. माझं माहेर गुरवाचं, सासरही गुरवाचं. देवळातल्या पंगतीत वाढत वाढत मी मोठी झाले. बांधलेल्या माणसाला पान वाढायचं नाही, असं आमच्या घरात होतं. बांधून घालतात ते जनावराला. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी बेडीतला माणूस घरी आणला तेव्हा मी पळी हातात धरून उभीच राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता किल्ली काढली आणि बेडी सोडली. तेव्हापासून आमच्या घरात जेवणाआधी बेडी सुटायची आणि जेवणानंतर परत चढायची. हे आम्हा दोघांतलं होतं. ठाण्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशीही ह्यांनी बेडी सोडून खुंटीला अडकवली. रंगनाथनं मनगट चोळलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

"माई, लई उपकार."

"बसा," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातच आम्ही पानं मांडायचो. पुढची खोली, आतलं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला मागचं दार. त्या दारापलीकडे एक ओहोळ आणि मग माणूस बुडेल एवढी बाजरी. सार्वजनिक नळ पुढच्या अंगाला होता, पण तिथूनही घराच्या कडेनं मागची बाजरी दिसायची.

रंगनाथ पाटावर बसला, पण भिंतीला टेकला नाही. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तिथं तांबूस डाग पडले होते. मी आमटी वाढताना ते पाहिलं. ह्यांनी मला पाहताना पाहिलं.

"इंजिन चोरलं म्हणे ह्यानं," हे म्हणाले. "एका बागायतदाराच्या विहिरीवरचं."

"इंजिन एकट्याला उचलतंय का, नाईकसायेब?" रंगनाथ भाकरी मोडत म्हणाला. त्याला चावताना त्रास होत होता, जबडा एका बाजूला सुजला होता. "चार माणसं लागत्यात. बाकीची तीन कुठं हाईत, त्ये इचारत्यात मला. मीच चार जणांचा मार खाल्लाय."

"ते कोर्टात सांगायचं. इथं भाकरी उचल."

"कोर्टात सांगितलं की! सदरा काढून दावला." तो हसला, मग जबडा धरला. "मॅजिस्ट्रेटसायेबांनी फौजदाराला हुभं केलं. 'हे काय आहे, जगदाळे?' मनले. सगळं कोर्ट बगत हुतं."

ह्यांचा हात पानावरच थांबला. "झालं ते झालं. आता गप जेव," असं ते म्हणाले खरे, पण त्यांच्या आवाजात मला काहीतरी वेगळं लागलं. फौजदार जगदाळ्यांना चारचौघांत उभं करून विचारणं म्हणजे काय, हे लाईनीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

माझा त्या वेळी चातुर्मास चालू होता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मी एकभुक्त राहायची, आणि ते एक जेवण मौनानं. एकदा पाटावर बसलं की चूळ भरून उठेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, खूण करायची नाही, हुंकारही द्यायचा नाही. शब्द निघालाच तर पान तसंच सोडून उठायचं आणि तो दिवस उपाशी काढायचा. सहा वर्षं मी हे करत होते. एकदाही मोडलं नव्हतं. दुपार टळायच्या आत बसायचं असे, म्हणून दोघांना वाढून झाल्यावर मी माझं पान घेऊन चुलीशेजारी बसले.

दोन घास खाल्ले असतील, तोच पुढच्या दारातून शेळक्यांची हाक आली. पोपट शेळके म्हणजे ह्यांच्या जोडीचा कॉन्स्टेबल. आरोपीबरोबर दोघांनी असायचं, असा नियम. पण शेळके कोर्टातून परस्पर बाजारात गेले होते, ते आता उगवले.

"गुरव, आटपा. बेत बदललाय."

हे उष्ट्या हातानंच पुढच्या खोलीत गेले. मधे नुसता पडदा होता.

"एसटीनं जायचं नाही म्हणे. जीप येतीय. फौजदार स्वतः बसणार."

"आणि?"

"आणि घाटानं जायचं."

"घाटानं कशाला? जेल तर सरळ रस्त्याला आहे. घाटानं बारा मैलांचा वळसा."

"मला काय विचारता? सांगितलंय ते सांगतो. आपण दोघांनी मागं बसायचं, एवढंच."

माझा घास तोंडाशी थांबला होता. समोर रंगनाथही चावायचा थांबला होता.

घाट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आला तो तुकाराम बेलदार. दोन वर्षांपूर्वी तोही घाटात 'पळाला' होता. म्हणजे कागदावर तसं लिहिलं होतं. अटकेला विरोध केला, झटापट केली, पळताना दरडीवरून पडला. दोन्ही गुडघे गेले. तो आठवडी बाजारात देवळाच्या पायरीशी कुबड्या घेऊन बसायचा आणि मी बेल वाहायला गेले की मला ओळखून मान खाली घालायचा. त्या दिवशी जीपमध्ये हेही होते. घरी आल्यावर दोन दिवस ते जेवले नव्हते. काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"जीप कधी येणार?" ह्यांचा आवाज.

"अर्ध्या तासात. मी ठाण्यावर जाऊन वॉरंट घेऊन येतो. तुम्ही ह्याला तयार ठेवा."

शेळक्यांची पावलं वाजत गेली. हे आत आले नाहीत. पुढच्या दारातूनच म्हणाले, "हात धुऊन येतो," आणि नळावर गेले.

त्यानंतर काय घडलं, ते मी पुढचे चार दिवस सगळ्यांना त्याच त्या शब्दांत सांगितलं. मी पानावर होते. माझं मौन होतं. तो उठला, मागच्या दाराची कडी काढली आणि गेला. मी ओरडू शकले नाही.

हे नळावरून परत आले तेव्हा मी पाटावरून उठून उभी होते. माझं पान अर्धंच राहिलं होतं. रंगनाथचं पान पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"कुठनं गेला?" ह्यांनी विचारलं.

"मागनं," मी म्हटलं.

ते मागच्या दारात जाऊन उभे राहिले. मग शिटी फुंकली.

*

त्या दिवसापासून सगळी लाईन आमच्या घराकडे बघायला लागली. नळावर मी घागर लावली की बायका बोलायच्या थांबत. शेळक्यांची बायको लीला एकदा मोठ्यानं म्हणाली, "काही घरात आरोपीला पाहुण्यासारखं जेवायला वाढतात म्हणे, बेडी काढून!" मी घागर अर्धीच भरून घरी आले. बेडीचं हिला कसं कळलं? हे सांगतील तर नाहीत. म्हणजे शेळक्यांनी पडद्याआडून खुंटीवरची बेडी पाहिली होती. शेळक्यांना आणखी काय काय दिसलं होतं, ते मला कळेना.

ह्यांना निलंबनाचा कागद त्याच संध्याकाळी मिळाला. चौदा वर्षांची नोकरी. कागद घडी घालून त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवला आणि पेटीवर बसून राहिले. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की तू काय पाहिलंस.

ते न विचारणंच माझ्या जिवाला लागलं. माणूस विचारत नाही तेव्हा एक तर त्याला उत्तर ठाऊक असतं, नाही तर त्याला ते ऐकायचं नसतं. ह्यांचा माझ्यावर संशय आहे, हे मला दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी माझा त्यांच्यावर बसला. हात धुवायला इतका वेळ का लागला? नळ पंधरा पावलांवर. हात धुवायचे, चूळ भरायची, परत यायचं. रंगनाथ कडी काढून ओहोळ ओलांडून बाजरीत शिरेपर्यंत हे तिथं काय करत होते? ह्यांनी आधीच काही ठरवलं होतं का? शेळक्यांशी? का रंगनाथशीच, वाटेत?

एका घरात दोन माणसं, आणि दोघं एकमेकांची नजर चुकवून फिरतात. मी दिवा लावताना ते बाहेर जात. ते आत आले की मी तांदूळ निवडायला घेई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेळके आले. हे घरात नव्हते, आणि हे घरात नसतानाच ते आले होते.

"वहिनी, उद्या डेप्युटीसाहेब येणार आहेत जबाब घ्यायला. कर्णिक साहेब. लई बारीक माणूस. केसाचे चार भाग करतो."

"येऊ देत."

"येऊ देत कसं? गुरवांची नोकरी तुमच्या जिभेवर आहे." ते ओट्यावर टेकले. "ऐका. आरोपी सहज निघून गेला, असं आलं तर शिपायाची चूक. शिपाई घरी जातो, वर खटला. पण आरोपीनं शिपायाला मारून पळ काढला, असं आलं तर शिपायाची काय चूक? तुम्ही एवढंच म्हणायचं, की त्यानं गुरवांच्या छातीत लाथ घातली. गुरव पडले. बास."

"आणि त्याचं काय होईल?"

"कोणाचं?"

"रंगनाथचं."

शेळके माझ्याकडे बघत राहिले. "त्याचं काय व्हायचं ते होईल. सरकारी माणसावर हात टाकला म्हणजे जरा जास्त होईल. तुम्हाला काय त्याचं? तुमचा कोण लागतो तो?"

त्यांनी हा प्रश्न सहज विचारला नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"तुम्हाला एवढी काळजी का, भाऊजी?" मी शांतपणे विचारलं. "तुम्हीही जोडीला असायला हवे होतात ना?"

ते हसले. "म्हणूनच सांगतोय. गुरव पडले तर मीही पडतो. लाथ घातली म्हणा, दोघंही उभे राहतो."

ते गेल्यावर मी देवासमोर बसले. खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच होता, पण त्याला पान नव्हतं की पाट नव्हता, तो कधी मोडतो ते कोणाला दिसत नाही. मी मनाशी ठरवलं. लाथ घातली म्हणायचं. ह्यांची नोकरी राहिली पाहिजे. रंगनाथ तसाही निसटला आहे, सापडेल न सापडेल. आणि मी देवाची क्षमा मागितली, करायच्या आधीच.

*

कर्णिक साहेब सकाळी अकराला आले. बारीक चष्मा, पांढरी मिशी. एक लेखनिक शिपाई बरोबर. साहेबांनी बूट बाहेर काढले, तेव्हाच मला त्यांची भीती वाटली. जो माणूस रीत पाळतो त्याला रीतीतली खोच कळते.

"बाईंना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही," ते म्हणाले, "म्हणून मीच आलो. गुरव, तुम्ही बाहेर ओट्यावर थांबा. आत यायचं नाही."

हे बाहेर गेले. साहेबांनी स्वयंपाकघर पाहिलं. मागचं दार उघडलं, कडी वाजवून पाहिली, ओहोळाकडे पाहिलं. मग पाट ओढून बसले.

"तुम्ही कुठं बसला होता?"

मी जागा दाखवली.

"म्हणजे तो तुमच्या पुढ्यातून गेला. हात लांबवला असता तर लागला असता, इतक्या जवळून."

"हो."

"आणि तुम्ही ओरडला नाहीत."

"माझं मौन होतं. चातुर्मासाचं."

लेखनिकाच्या ओठांवर हसू आलं. साहेब हसले नाहीत.

"माझ्या आईचंही असायचं," ते म्हणाले. "चातुर्मासात पानावर मौन. एकदा मांजर दुधाच्या पातेल्यावर चढलं. आई बोलली नाही. पण तिनं भांडं असं आपटलं, की तीन घरांपलीकडचे लोक धावत आले."

"आमच्यात खूणही करत नाहीत. आवाजही नाही."

"असं?" त्यांनी चष्मा पुसला. "बाई, कायदा तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. कोठडीतला आरोपी पळाला, त्याला कलम दोनशे चोवीस. ज्याच्या ताब्यात होता त्यानं निष्काळजीपणानं पळू दिला, त्याला दोनशे तेवीस. आणि तिसऱ्या कोणी त्याला सुटायला हात दिला असेल, वाट दाखवली असेल, तर दोनशे पंचवीस. एका घरात तीन माणसं होती आणि तीन कलमं आहेत. कोणतं कलम कोणाला लागतं, एवढंच मला शोधायचंय."

मी पदर घट्ट धरला.

"तो का पळाला असेल, असं वाटतं तुम्हाला?"

"घाटानं नेणार म्हणून घाबरला असेल. शेळके सांगत होते ते त्यानं ऐकलं."

"घाटाचं मी विचारलं फौजदारांना." त्यांनी कागद चाळला. "सरळ रस्त्यावरची मोरी त्याच दिवशी, आरोपी कोर्टात पोचल्यावर, वरच्या अंगाच्या पावसानं वाहून गेली होती. म्हणून घाटानं जाणार होते. दुसरं काही कारण नाही. तशी डायरीत नोंद आहे."

मोरी वाहून गेली होती. म्हणजे घाटात काही होणार नव्हतं. नुसता रस्ता बंद होता. रंगनाथ सुखरूप जेलात पोचला असता, ह्यांची नोकरी राहिली असती. सगळं माझ्या मनाचं कुभांड. साहेब माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तो लपवता येईना.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं," ते हलकेच म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"नाही."

"आता एक शेवटचं. शेळक्यांच्या जबाबात आहे, की ते आले तेव्हा तुमचं पान अर्धंच पडलं होतं. तुम्ही अन्न टाकणाऱ्या बाई दिसत नाही. चातुर्मास म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. मग ते पान अर्धं का राहिलं?"

"घास उतरला नाही. भीतीनं."

"माझी आई," ते म्हणाले, "दोनच कारणांनी पान अर्धं सोडून उठायची. एक तर सुतक कळलं, नाही तर..."

ते पुढे बोलले असते. मी त्यांना बोलू दिलं नाही. शेळक्यांनी दिलेलं वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. "साहेब, त्यानं ह्यांना लाथ..."

"साहेब!"

हे दारात उभे होते. पडदा त्यांच्या मुठीत चुरगळला होता.

"तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं होतं, गुरव."

"साहेब, मला कोणी लाथ घातली नाही. कोणी हात लावला नाही. बेडी मी काढली, माझ्या हातानं. जोडीदार नसताना आरोपीला सोडून नळावर मी गेलो. पाच मिनिटं गेलो. बायकोचा काही संबंध नाही. ती तिच्या नेमात होती. लिहून घ्या."

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय बोलताय? हा कबुलीजबाब होतो."

"कळतंय. चौदा वर्षं हेच लिहीत आलोय मी."

साहेबांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग लेखनिकाला म्हणाले, "घे लिहून." त्यांनी वहीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानंही काहीतरी एक ओळ लिहिली. ती काय होती, ते मला आजवर कळलेलं नाही. उठताना त्यांनी मला नमस्कार केला आणि बूट घालायला बाहेर गेले.

त्या क्षणी मला ह्यांचा राग आला होता. एक खोटं मी बोलणार होते, ते माझ्या अंगावर, देवाशी माझा हिशेब. आणि ह्यांनी आपल्या सचोटीपायी घर मोडलं, असं मला वाटलं.

*

दिवाळीत रंगनाथ वकील घेऊन मॅजिस्ट्रेटांपुढे आपण होऊन हजर झाला. इंजिनाचा खटला टिकला नाही. पळाल्याबद्दल मात्र त्याला सहा महिने लागले. कोर्टात त्याला विचारलं, कोणी मदत केली? तो म्हणाला, "दार हुतं, सायेब. दार दिसलं, गेलो." बस्स, एवढंच.

ह्यांना बडतर्फ केलं. खटला मात्र भरला नाही. फाल्गुनात लाईनीतल्या खोल्या सोडाव्या लागल्या. गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे होती, तिकडेच जायचं ठरलं. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं सामान घेतलं. पेटी, दोन गाद्या, पितळेची भांडी, देव्हारा. आम्ही दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. आमचं गाव जेलच्याच रस्त्याला, पण आणखी पुढं.

सहा-सात मैल गेल्यावर हे म्हणाले, "जरा थांबव रे. पाय मोकळे करू."

ड्रायव्हर बिडी ओढायला झाडाखाली गेला. हे रस्त्याच्या कडेला चालत गेले आणि एका कठड्यापाशी थांबले. मीही गेले. खाली ओढ्यात थोडं पाणी होतं. दगडी मोरी होती. काळ्या दगडांवर वाळलेलं शेवाळ, सांध्यांतला चुना पिवळा पडलेला. कमानीच्या फटीतून उंबराचं एक रोप बाहेर आलं होतं, माझ्या कमरेएवढं, मुळं दगडांत रुतलेली. असं रोप सहा महिन्यांत येत नाही. चार-पाच पावसाळे तरी लागतात.

"हीच का ती?" मी विचारलं.

"ह्या रस्त्याला दुसरी नाही."

मी कठड्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापले होते. श्रावणापासून माझ्या छातीवर जे ओझं होतं, ते हललं, पण उतरलं नाही. मी कोणाला काय सांगणार होते? मोरी जागेवर आहे, हे आता कोणत्या वहीत लिहिणार?

"मी पंधरवड्यानंच येऊन बघून गेलो होतो," हे म्हणाले. "सायकलनं."

"मला नाही सांगितलंत."

"तूही मला नाही सांगितलंस."

मी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"'मागनं जा,'" ते ओढ्याकडे बघत म्हणाले. "दोनच शब्द. नळावर ऐकू आलं मला. सहा वर्षांत तुझा पानावरचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कर्णिक साहेबांना अर्धं पान कळलं होतं. आणखी एक वाक्य बोलू दिलं असतं तर तुला घेऊनच गेले असते."

म्हणजे तो कबुलीजबाब सचोटीपायी नव्हता. इतके महिने मी मनातल्या मनात ज्या माणसाची उलटतपासणी घेत होते, तो पहिल्या दिवसापासून सगळं जाणून होता.

"ऐकलं होतं, तर आत का नाही आलात?" मी विचारलं. "पंधरा पावलांवर तर नळ. पकडला असता."

"हात धूत होतो."

"इतका वेळ?"

ह्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बाजरी हलायची थांबेपर्यंत," ते म्हणाले.